ताम्रसृतीचा पुरावा आणि अभिमानाची कसोटी

दिवाळीच्या अमावास्येला पुसद गावाबाहेर, दिव्यांच्या झगमगाटापासून दूर डोंगराच्या पायथ्याशी उभे राहावे आणि रात्री दहाच्या सुमारास उत्तरेकडे, माथ्यापासून थोडे खाली पाहावे. आकाश स्वच्छ असेल तर पिंजलेल्या कापसाच्या पुंजक्यासारखा एक अंधूक ठिपका दिसतो. ती देवयानी दीर्घिका. आपल्या आकाशगंगेबाहेरची, नुसत्या डोळ्यांना दिसणारी ही सर्वांत जवळची मोठी दीर्घिका होय. तिच्याकडून आज आपल्यापर्यंत पोहोचणारा प्रकाश सुमारे २५ लाख वर्षांपूर्वी निघालेला आहे. १९१२ साली अमेरिकेतील लॉवेल वेधशाळेत व्हेस्टो स्लायफर यांनी तिचा वर्णपट मिळवला, तेव्हा त्यातील रेषा निळ्या टोकाकडे सरकलेल्या आढळल्या. याचा अर्थ, सूर्याच्या सापेक्ष ती सेकंदाला सुमारे ३०० किलोमीटर वेगाने आपल्याकडे येत आहे.

एवढ्या एका वेधावर विसंबून कोणी विश्व आकुंचन पावत असल्याची घोषणा केली असती, तर त्याचे हसे झाले असते. स्लायफर तेथे थांबले नाहीत. त्यांनी पुढील काही वर्षांत आणखी दीर्घिकांचे वर्णपट घेतले आणि बहुसंख्य दीर्घिकांच्या रेषा तांबड्या टोकाकडे सरकलेल्या दिसल्या. यालाच ताम्रसृती किंवा रेडशिफ्ट म्हणतात. एका सोयीच्या दाखल्यावर सिद्धांत उभारू नये, हा या शास्त्राने आरंभीच घालून दिलेला धडा आहे.

दुर्दैवाने विश्वाच्या वयाची चर्चा निघाली की नेमका हाच धडा विसरला जातो. २० मे २०२५ रोजी पुण्यात डॉ. जयंत नारळीकर यांचे निधन झाले. महाराष्ट्राने त्यांना मनःपूर्वक श्रद्धांजली वाहिली. विज्ञानकथांचे लेखक, 'आयुका'चे संस्थापक, पद्मविभूषण, नाशिकच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष अशी त्यांची सर्व रूपे आठवली गेली. परंतु ज्या वादासाठी त्यांनी साठ वर्षे वेचली, त्या वादाचे काय झाले, हा प्रश्न बहुतेकांनी शिष्टाचाराने टाळला. ज्यांनी टाळला नाही, त्यांच्यातील अनेकांनी सोयीचे उत्तर देऊन टाकले. एका बाजूने सांगितले गेले की, नारळीकरांनी महास्फोटाचा पाश्चात्त्य सिद्धांत खोटा ठरवला आणि आपल्या पुराणांतील कल्पांची गणना खरी ठरली. दुसऱ्या बाजूने सूचित केले गेले की, ते थोर खरे, पण विश्वरचनेच्या बाबतीत हट्टाने चुकीच्या बाजूला राहिले. पहिली भूमिका अभिमानाची वाटते, दुसरी विवेकाची. वस्तुतः पहिली अज्ञानातून येते आणि दुसरी आळसातून. दोघांनीही नारळीकरांचे म्हणणे वाचण्याचे कष्ट घेतलेले नाहीत.

तीन पायऱ्या, तीन प्रश्न

ताम्रसृतीपासून विश्वाच्या वयापर्यंत पोहोचताना तीन पायऱ्या चढाव्या लागतात. त्या वेगळ्या न केल्याने सारा गोंधळ होतो. पहिली पायरी मोजमापाची. वर्णपटातील रेषा सरकलेल्या आहेत, हे वेधशाळेत प्रत्यक्ष मोजले जाते. त्यावर कोणाचाही वाद नाही. दुसरी पायरी अर्थ लावण्याची. प्रकाश प्रवासात असताना अवकाशच ताणले जाते, त्यामुळे तरंगलांबी वाढते, म्हणजे विश्व प्रसरण पावत आहे. तिसरी पायरी अनुमानाची. आज प्रसरणाचा वेग अमुक असेल, तर मागे मागे जात सर्व काही एकत्र होते तो क्षण किती वर्षांपूर्वीचा?

पुसदहून सुटलेली एसटी दिग्रस ओलांडून यवतमाळच्या वाटेवर धावत असेल, तर तिने कापलेले अंतर आणि तिचा वेग यांवरून ती कधी सुटली हे काढता येते. परंतु रस्त्याकडेचे किलोमीटरचे दगडच चुकीच्या जागी रोवलेले असतील, तर गणित बिनचूक असूनही वेळ चुकीची येईल. शिवाय गाडी वाटेत मंदावली असेल किंवा तिने वेग घेतला असेल, तर त्याचाही हिशेब धरावा लागेल.

विश्वाच्या बाबतीत नेमके हेच घडले. १९२७ साली जॉर्ज लमेत्र यांनी प्रसरणाचे गणित मांडले आणि १९२९ साली एडविन हबल यांनी दूरच्या दीर्घिका त्यांच्या अंतराच्या प्रमाणात अधिक वेगाने दूर जातात हे दाखवले. हबल यांच्या मापनानुसार दर ३२.६ लाख प्रकाशवर्षांमागे वेग सेकंदाला सुमारे ५०० किलोमीटरने वाढत होता. त्यावरून विश्वाचे वय निघे सुमारे २०० कोटी वर्षे. इकडे किरणोत्सारी कालमापनाने पृथ्वीचे वय ३०० कोटी वर्षांपलीकडे जाऊ लागले. मुलगी आईपेक्षा वयाने मोठी ठरावी, तसा हा प्रकार! चूक होती ती किलोमीटरच्या दगडांत. १९५२ साली वॉल्टर बाडे यांनी दीर्घिकांची अंतरे दुपटीने कमी धरली गेल्याचे दाखवले. १९५८ साली ॲलन सँडेज यांनी हबलचा आकडा ७५ च्या आसपास आणला आणि विश्वाचे वय हजार कोटी वर्षांच्या पलीकडे गेले.

प्रसरण मान्य, जन्मतारीख अमान्य

ही दुरुस्ती होण्यापूर्वीच, १९४८ साली केंब्रिजमध्ये फ्रेड हॉइल, हर्मन बाँडी आणि थॉमस गोल्ड यांनी स्थिर स्थितीचा सिद्धांत मांडला होता. त्यांनी ताम्रसृती मानली, प्रसरणही मानले. नाकारला तो केवळ आरंभ. दीर्घिका दूर जातात, मधल्या जागेत नवे द्रव्य निर्माण होते आणि विश्वाचे रूप सर्वकाळ सारखेच राहते, असे त्यांचे म्हणणे होते. ज्या विश्वाला जन्मच नाही, त्याला वय कसले?

कोल्हापुरात जन्मलेले आणि बनारस हिंदू विश्वविद्यालयाच्या परिसरात वाढलेले नारळीकर या हॉइल यांचे शिष्य झाले. १९६४ साली गुरुशिष्यांनी गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धांत मांडला, तेव्हा शिष्याचे वय पंचवीस वर्षांचे होते. पुढच्याच वर्षी त्यांना पद्मभूषण मिळाले. आणि त्याच १९६५ साली पेन्झियस व विल्सन यांनी आकाशाच्या सर्व दिशांनी येणारे, सुमारे तीन अंश केल्विन तापमानाचे सूक्ष्म तरंगांचे पार्श्वप्रारण शोधून काढल्याचे जाहीर केले. महास्फोटाच्या पुरस्कर्त्यांनी अशा प्रारणाचे भाकीत आधीच केले होते. स्थिर स्थितीच्या मूळ सिद्धांताला तो मोठा धक्का होता.

सामान्य माणूस येथे हार मानून विषय बदलता किंवा डोळे मिटून बसता. नारळीकरांनी यांतील काहीच केले नाही. १९९३ साली हॉइल आणि जेफ्री बर्बिज यांच्यासह त्यांनी अर्ध-स्थिर स्थितीची सुधारित मांडणी केली. तीत विश्व दीर्घकाळ प्रसरण पावते आणि त्याबरोबरच सुमारे ५० अब्ज वर्षांच्या आवर्तनांनी फुगते व आकसते. पार्श्वप्रारण हा जुन्या ताऱ्यांचाच प्रकाश असून, अवकाशात विखुरलेल्या लोखंडाच्या सूक्ष्म सुयांनी तो शोषून पुन्हा उत्सर्जित केला, असे स्पष्टीकरण त्यांनी दिले. त्याच वर्षी हाल्टन आर्प यांच्यासह त्यांनी याहून धाडसी गणित मांडले. कणांचे वस्तुमान काळागणिक वाढत असेल, तर विश्वाचे प्रसरण न धरताही ताम्रसृती मिळू शकते, हे त्यांनी दाखवले. आर्प यांनी ज्यांची अंतरे जवळजवळ सारखी वाटतात पण ताम्रसृती अत्यंत भिन्न आहे अशा दीर्घिका आणि क्वेसार यांच्या जोड्या गोळा केल्या होत्या. त्यापायी त्यांना अमेरिकेत दुर्बिणीवरील वेळ नाकारला गेला आणि त्यांनी जर्मनी गाठली. मतभेदाबद्दल शास्त्रज्ञाला दुर्बिणीपासून दूर ठेवणे हे कोणत्याही देशातील विज्ञानाला शोभणारे नव्हते. २००४ साली 'न्यू सायंटिस्ट'मध्ये या मक्तेदारीविरुद्ध खुले पत्र प्रसिद्ध झाले. त्यावरील स्वाक्षऱ्यांत नारळीकरांचेही नाव होते.

हा झाला पूर्वपक्ष. भारतीय शास्त्रार्थाची शिस्त अशी की, प्रतिपक्षाचे म्हणणे त्याच्याहून चांगले मांडता आल्याशिवाय खंडनाचा अधिकार मिळत नाही. नारळीकरांना 'हट्टी' म्हणणाऱ्यांनी हा अधिकार मिळवलेला नाही. किंबहुना त्यांना हेही ठाऊक नसते की, प्रसरणाचा वेग वाढत असल्याचे जे निरीक्षण १९९८ साली जाहीर झाले आणि ज्याला २०११ सालचे नोबेल मिळाले, ते वेगवर्धन स्थिर स्थितीच्या मूळ सिद्धांतात अंगभूत होते.

उत्तरपक्ष टाळता येणार नाही

परंतु पूर्वपक्ष कितीही तेजस्वी असला तरी उत्तरपक्ष ऐकावाच लागतो. तो ऐकताना अभिमान दुखावला म्हणून कान झाकणे हे नारळीकरांच्याच शिकवणीविरुद्ध आहे.

ताम्रसृती प्रसरणामुळे नसून प्रकाश वाटेत 'थकल्यामुळे' असेल, ही कल्पना फ्रिट्झ झ्विकी यांनी १९२९ सालीच मांडली होती. तिची परीक्षा सोपी आहे. प्रसरणामुळे प्रकाश ताणला जात असेल, तर दूरच्या घटनाही संथ घडताना दिसल्या पाहिजेत. प्रकाश केवळ थकत असेल, तर तसे दिसण्याचे कारण नाही. विशिष्ट जातीच्या अतिनवताऱ्यांचा उजेड ठरावीक दिवसांत वाढतो आणि मावळतो. दूरच्या अतिनवताऱ्यांचे हेच दिवस ताम्रसृतीच्या नेमक्या प्रमाणात लांबलेले दिसतात. २०२४ साली अशा सुमारे १५०० अतिनवताऱ्यांच्या नोंदींतून हे पुन्हा पडताळले गेले. थकलेल्या प्रकाशाची कल्पना येथे टिकत नाही.

दुसरा पुरावा तर पुण्याच्या मातीशी जोडलेला आहे. विश्व पूर्वी लहान आणि अधिक उष्ण असेल, तर दूरच्या, म्हणजेच जुन्या काळातील वायुमेघांभोवती पार्श्वप्रारणाचे तापमान आजच्यापेक्षा जास्त भरले पाहिजे. २००० साली 'आयुका'चे आर. श्रीआनंद यांनी पॅट्रिक पेतिजाँ आणि सेड्रिक लदू यांच्यासह २.३४ ताम्रसृतीच्या एका मेघाचा वर्णपट अभ्यासला. अपेक्षित तापमान सुमारे ९ अंश केल्विन होते. मोजलेले तापमान ६ ते १४ अंशांच्या दरम्यान भरले. 'नेचर' या नियतकालिकात तो शोधनिबंध प्रसिद्ध झाला. विश्व काळागणिक बदलत आले आहे, हे त्यातून स्पष्ट झाले; मूळच्या स्थिर स्थितीला आणि प्रसरण नाकारणाऱ्यांना हा मोठा अडथळा होता. त्या वेळी 'आयुका'चे संचालक होते स्वतः डॉ. नारळीकर!

महाराष्ट्राने अभिमान धरावा अशी याहून मोठी गोष्ट शोधून सापडणार नाही. एक मनुष्य आयुष्यभर एका सिद्धांताची बाजू लढवतो, संस्था उभारतो, आणि त्याच संस्थेतून प्रतिपक्षाला बळ देणारा पुरावा जगासमोर जातो. संस्था आपली म्हणून निष्कर्षही आपलाच असावा, ही अपेक्षा तेथे नव्हती.

सुधारित मांडणी या एका निरीक्षणाने बाद झाली असे नाही. परंतु तिने स्वतःहून काही भाकिते केली होती आणि तीच तिच्या आड आली. मागील आवर्तनातील अतिशय अंधूक दीर्घिकांत निळ्या टोकाकडे सरकलेल्या रेषा सापडायला हव्या होत्या. त्या सापडल्या नाहीत. आजच्या प्रचलित वयापेक्षा कितीतरी जुने, वीस-तीस अब्ज वर्षांचे तारे दिसायला हवे होते. ते निर्विवादपणे कोणाला दाखवता आले नाहीत. चालू आवर्तनातील ताम्रसृतीला या मांडणीत मर्यादा येते. आज जेम्स वेब दुर्बिणीने १४ हून अधिक ताम्रसृतीच्या दीर्घिका नोंदवल्या आहेत. पार्श्वप्रारणातील सूक्ष्म चढउतार प्लँक उपग्रहाने मोजले, तेव्हा ते महास्फोटाच्या प्रतिमानाशी अवघ्या सहा राशींच्या आधारे जुळले आणि विश्वाचे वय १३.८ अब्ज, म्हणजे १३८० कोटी वर्षे निघाले. लोखंडाच्या सुयांना हे सारे इतक्या अचूकपणे साधता आलेले नाही.

म्हणून स्पष्ट शब्दांत सांगितले पाहिजे: आजच्या पुराव्यानुसार या वादात नारळीकरांची बाजू पडली आहे. हे म्हटल्याने त्यांचा अनादर होत नाही. फलज्योतिषाने संख्याशास्त्राच्या चाचणीला सामोरे जावे, असा आग्रह त्यांनी धरला. ज्याने दुसऱ्याला कसोटीवर उभे केले, त्याच्या सिद्धांताला कसोटीतून सूट देणे हाच त्यांचा खरा अनादर होय.

कल्पाचा आकडा आणि उसना आधार

आता राहिला कल्पाचा मुद्दा. नारळीकरांचे आवर्ती विश्व म्हणजे पुराणांतील सृष्टी आणि प्रलय, असे समीकरण मोठ्या उत्साहाने मांडले जाते. त्यासाठी ४३२ कोटी वर्षांचा कल्प आणि ४५४ कोटी वर्षांची पृथ्वी शेजारी ठेवली जाते. कार्ल सेगन यांनी 'कॉसमॉस'मध्ये हिंदू कालगणनेचे कौतुक केले, याचाही दाखला हमखास येतो. मात्र हे साम्य योगायोगाचे आहे, असे सेगन यांनी त्याच ठिकाणी म्हटले होते, ते दाखला देणारे गाळतात. परक्याचे प्रमाणपत्र अर्धे फाडून भिंतीवर लावण्याला स्वाभिमान म्हणत नाहीत. तो न्यूनगंडच आहे, फक्त भगव्या चौकटीत बसवलेला.

आपल्या आचार्यांचे खरे मोठेपण वेगळ्या जागी आहे. कल्प हा ग्रहगणिताचा काळ होता. सर्व ग्रहांच्या फेऱ्या पूर्णांकांत बसाव्यात यासाठी घेतलेला. दीर्घिकांचे वर्णपट पाहून तो ठरला नव्हता. आणि त्यावरही एकमत नव्हते! आर्यभटांचा कल्प १००८ महायुगांचा, म्हणजे ४३५ कोटी ४५ लाख ६० हजार वर्षांचा. ब्रह्मगुप्तांचा १००० महायुगांचा, म्हणजे ४३२ कोटी वर्षांचा. ब्रह्मगुप्तांनी इ. स. ६२८ मधील 'ब्राह्मस्फुटसिद्धांत'मध्ये पूर्वसूरींच्या चुका दाखवण्यासाठी स्वतंत्र अध्याय लिहिला आणि आर्यभटांनाही सोडले नाही. ज्या परंपरेत आचार्य आचार्याची चूक नावानिशी दाखवतो, त्या परंपरेचा वारसा सांगणाऱ्यांनी आकड्यांच्या योगायोगावर समाधान मानावे, हे दैन्य आहे. नासदीय सूक्ताचा ऋषीही सृष्टीच्या आरंभाविषयी प्रश्नच विचारतो. त्या प्रश्नावर घाईने उत्तराचा शिक्का मारण्याचा अधिकार कोणी दिला?

घाई दोन्हीकडची

तथापि, १३.८ अब्ज हा आकडा पाठ करून इतरांना 'अवैज्ञानिक' ठरवणारे पंडितही या दोषातून सुटत नाहीत. हा आकडा कसा आला, हे विचारले की त्यांची गाडी पाठ्यपुस्तकावर अडते. आजही किलोमीटरच्या दगडांचा वाद पुरता मिटलेला नाही. पार्श्वप्रारणावरून प्रसरणाचा दर ६७ च्या आसपास येतो, तर अतिनवताऱ्यांवरून ७३ च्या आसपास. मोजमाप जितके सूक्ष्म होत गेले, तितकी ही तफावत अधिक ठळक झाली आहे. कृष्णद्रव्य आणि कृष्ण ऊर्जा नेमक्या काय आहेत, हेही कोणाला सांगता आलेले नाही. याचा अर्थ महास्फोट कोसळला असा होत नाही. शास्त्राचे काम शिल्लक आहे, एवढाच होतो. २०२२ साली जेम्स वेबची पहिली छायाचित्रे येताच 'महास्फोट झालाच नाही' अशा मथळ्यांचे पीक आले. २०२३ साली ओटावा विद्यापीठाच्या राजेंद्र गुप्ता यांनी थकलेल्या प्रकाशाची जोड देऊन विश्वाचे वय २६.७ अब्ज वर्षे काढले, तेव्हा भारतीय नाव पाहून अनेकांना गहिवर आला. नाव भारतीय आहे म्हणून वय दुप्पट होत नाही आणि बहुमत विरोधात आहे म्हणून ते खोटेही ठरत नाही. वीस अब्ज वर्षांचा एखादा तारा दाखवा, हा प्रश्न मात्र त्यांनाही विचारावाच लागतो.

पुसदसारख्या तालुक्याच्या गावी गणेशोत्सवाच्या मंडपात विज्ञानावर व्याख्यान झाले की शेवटी एखादा विद्यार्थी उभा राहतो आणि विचारतो, "महास्फोटापूर्वी काय होते?" व्यासपीठावरून त्याला कल्पाचा आकडा ऐकवून टाळ्या घेता येतात, किंवा 'हा प्रश्नच निरर्थक' असे सांगून त्याला खाली बसवता येते. दोन्ही मार्गांनी एक मोठे मन मारले जाते. ज्या मातीने महाराष्ट्राला वसंतराव आणि सुधाकरराव नाईक असे दोन मुख्यमंत्री दिले, ती उद्याचा नारळीकर देणार नाही असे कोणी सांगावे? त्याला आयती उत्तरे नकोत. त्याला एक साधी दुर्बीण हवी, वर्णपट दाखवणारे एक भिंग हवे आणि तुझे म्हणणे पुराव्याने पाडून दाखवतो, असे प्रेमाने सांगणारा शिक्षक हवा.

नारळीकरांचे स्मारक उभारायचे असेल, तर ते येथून सुरू करता येईल. येत्या अमावास्येला घरातील मुलांना गावाबाहेर नेऊन देवयानीचा तो ठिपका दाखवावा. ती आपल्याकडे येत आहे, हेही सांगावे. मग त्यांना विचारावे, "असे असताना विश्व प्रसरण पावते, असे शास्त्रज्ञ का म्हणतात?" उत्तर लगेच सांगू नये.